बाबांची फ्लॉपी

आठवतोय तो आवाज? टिर्रर्र... खर्रर्र... आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातून आईची हाक, ‘नेट बंद कर, मावशीचा फोन यायचाय!’

आमच्याकडे पीसी आला २००० च्या दिवाळीत. असेम्बल्ड, अर्थात. बाबांनी पीएफमधून पैसे काढले आणि आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. सेलेरॉन, ६४ एमबी रॅम, १० जीबी हार्डडिस्क. ‘एवढी जागा भरणार कशाने?’ बाबांना प्रश्न. (आज नुसत्या गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरेल!) मॉनिटरला आईने शिवलेलं झालरीचं कव्हर, आणि लक्ष्मीपूजनाला कीबोर्डलाही हळदकुंकू.

मी दिवसभर सॉलिटेअर, रात्री ५६ केबीपीएसच्या मोडेमवर चॅटिंग. बाबा रविवारी एका बोटाने मराठीत काहीतरी टाइप करत बसायचे. काय, ते मी कधी विचारलंच नाही.

२०१५ मध्ये बाबा गेले. मध्यंतरी माळा आवरताना त्यांची एक फ्लॉपी सापडली. यूएसबीवाला ड्राइव्ह मागवला, फाइल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! युनिकोड घरोघरी पोचण्याआधीची फाइल ती. तेव्हाचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नाही, तर मजकूर नाही. एका डीटीपीवाल्या मित्राकडून जुना फॉन्ट मिळवला, टाकला.

टेलिफोन बिलांचा हिशोब होता तो. महिना, रक्कम. वाढत्या आकड्यांपुढे प्रत्येक वेळी एकच शेरा : ‘ओरडू नये. शिकतोय.’

शिकतोय कसला! मी याहू चॅटवर होतो, बाबा.