समुद्री शैवालाची कार्बनची भूक

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २ मिलिमोल असेंद्रिय कार्बन विरघळलेला असतो. त्यातला जवळजवळ ९० टक्के बायकार्बोनेट. मुक्त कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याहूनही कमी. पंचाईत अशी, की प्रकाशसंश्लेषणातले रुबिस्को हे एंझाइम फक्त कार्बन डायऑक्साइडच पकडते. तरीही सूक्ष्म शैवाल केवळ आपोआप झिरपणाऱ्या वायूवर जगते, हे पटत नाही. बंद फ्लास्कमध्ये फिओडॅक्टिलम हे डायटम प्रकारातले सूक्ष्म शैवाल वाढवले, तर पाण्याचा पीएच ९ च्या वर चढतो. तिथे मुक्त वायू नावालाच उरतो, पण वाढ थांबत नाही.

बायकार्बोनेटपासून वायू आपोआपही तयार होतोच की, असा आक्षेप निघेल. होतो, पण फार संथपणे. कार्बोनिक अनहायड्रेज हे एंझाइम तेच काम क्षणात उरकते, शिवाय पेशीपटलातली वाहक प्रथिने बायकार्बोनेट थेट आत ओढतात. या एंझाइमला सहसा जस्त लागते. थॅलासिओसिरा वाइसफ्लॉगी हे डायटम जस्ताच्या टंचाईत कॅडमियमवर भागवते, आणि एरवी विषारी ठरणाऱ्या धातूचा हा उपयोग थक्क करून सोडतो. संवर्धनात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले, की बायकार्बोनेट ओढणारी ही ऊर्जाखाऊ यंत्रणा मंदावते. म्हणजे बायकार्बोनेट ओढणे ही टंचाईवरची तोड आहे, आणि उघड्या समुद्रात टंचाई रोजचीच.