मंदिर, तांडा आणि बाजार : हिंगोली जिल्ह्यातील तीर्थपर्यटन व बंजारा भरतकाम

सारांश :
हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ व नर्सी नामदेव ही दोन महत्त्वाची तीर्थक्षेत्रे आहेत. त्यांच्या भोवतालच्या माळरानावर व डोंगराळ भागात बंजारा तांडे वसलेले असून तेथील स्त्रियांकडे भरतकामाची समृद्ध परंपरा आहे. मात्र तीर्थाला येणारा भाविक आणि तांड्यातील कारागीर स्त्री यांची भेट घडवून आणणारी बाजारव्यवस्था उभी राहिलेली नाही. उत्तर थायलंडमधील चियांग माई या शहरात मंदिर, डोंगरी गाव व हस्तकला बाजार यांची सांगड घातली गेली आहे. त्या अनुभवातील घेण्याजोगे काय आणि टाळण्याजोगे काय, याचा विचार करून जिल्ह्याच्या संदर्भात काही उपाय प्रस्तुत लेखात सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : तीर्थपर्यटन, बंजारा भरतकाम, तांडा, हस्तकला बाजार, स्थलांतर.

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे या जिल्ह्याचे पाच तालुके होत. जिल्ह्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. सोयाबीन, कापूस, तूर व हळद ही येथील मुख्य पिके आहेत. मोठ्या उद्योगांचा अभाव असल्यामुळे शेतीबाहेरील रोजगाराचा शोध हा येथील कायमचा प्रश्न राहिला आहे. अशा परिस्थितीत पर्यटनाकडे रोजगाराचे साधन म्हणून पाहिले जाते. तथापि, पर्यटन वाढले म्हणजे स्थानिकांचे उत्पन्न आपोआप वाढते, हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. येणारा पैसा कोणाच्या हाती पडतो, हा पर्यटनाच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे.

तीर्थक्षेत्रांचे स्वरूप :
औंढा नागनाथ येथील मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. हिंगोलीपासून सुमारे २५ कि.मी. अंतरावरील हे मंदिर यादवकालीन असून 'हेमाडपंती' या नावाने परिचित असलेल्या शैलीचा तो उत्तम नमुना आहे. मंदिराच्या खालच्या भागातील दगडी शिल्पपट्ट व वरील भागातील नंतरचे बांधकाम यांतील फरक सहज जाणवतो. वरील भागाचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकर यांनी केला, असे सांगितले जाते. मुख्य लिंग तळघरासारख्या गर्भगृहात असून तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते.

या मंदिराशी संत नामदेवांची कथा जोडलेली आहे. कीर्तनास प्रतिबंध झाल्यावर नामदेव मंदिराच्या मागे जाऊन कीर्तन करू लागले व मंदिरच त्यांच्याकडे फिरले, अशी श्रद्धा आहे. नंदी मंदिराच्या मागील बाजूस असण्याचे कारण म्हणूनही हीच कथा सांगितली जाते. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला तोही याच ठिकाणी, असे परंपरा मानते. इतिहास म्हणून या कथेकडे कसेही पाहिले तरी तिचा सामाजिक आशय स्पष्ट आहे. ज्याला मागे बसविले गेले, त्याच्याकडे देवानेच तोंड केले, असे ही कथा सांगते.

हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीकाठचे नर्सी हे परंपरेनुसार नामदेवांचे जन्मस्थान होय. इ.स. १२७० ते १३५० हा त्यांचा काळ मानला जातो. शिंपी कुळात जन्मलेल्या या संताची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. त्यामुळे वारकऱ्यांबरोबरच नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यास येणारे पंजाबातील भाविकही नर्सीला येतात. नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेल्या पंजाबातील घुमान येथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. पंढरपूरच्या आषाढी वारीनंतर येणाऱ्या वद्य एकादशीला नर्सी येथे 'परतवारी'ची मोठी यात्रा भरते, तर महाशिवरात्र व श्रावणातील सोमवारी औंढा येथे भाविकांची रीघ लागते.

सारांश, पर्यटक आणण्याचा प्रश्न या जिल्ह्यापुढे फारसा नाही. भाविक शतकानुशतके येत आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या येण्यातून स्थानिक श्रमाला काय मिळते, हा.

तांडा व भरतकामाची परंपरा :
सेनगाव तालुक्यासह जिल्ह्याच्या अनेक भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर वाहतूक करणे हा या समाजाचा मूळ व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे व पक्के रस्ते आले आणि ही 'लदेणी' संपुष्टात आली. त्याच काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाचा समावेश विमुक्त जातींमध्ये होतो. सेनगावच्या उत्तरेस पैनगंगेपलीकडे वाशीम जिल्हा आहे. त्या जिल्ह्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांमुळे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान ठरले असून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

बंजारा स्त्रीचा पारंपरिक पोशाख म्हणजे फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) व डोक्यावरील ओढणी. या वस्त्रांवर रंगीत धाग्यांचे भरतकाम करून त्यात आरसे, कवड्या, नाणी व घुंगरू जडविले जातात. आकृत्या बहुधा भौमितिक असतात : चौकोन, त्रिकोण, तिरप्या रेघा. कागदावर नक्षी न काढता कापडाचे धागे मोजून व नजरेच्या अंदाजाने त्या भरल्या जातात. ही विद्या आईकडून मुलीकडे जात आली. मुलीच्या लग्नासाठी वस्त्रे भरण्यात घरातील स्त्रियांचे अनेक महिने जात. म्हणजे ही कला मुळात विक्रीसाठी नव्हती. ती घरासाठी होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

आज नव्या पिढीतील मुली साडी व पंजाबी ड्रेस वापरतात. त्यात गैर काहीच नाही. पोशाख हा स्त्रीच्या सोयीचा विषय आहे. परंतु रोजच्या वापरातून वस्त्र गेले की ते भरण्याचे कारणही जाते. अशा वेळी कला टिकायची असेल तर तिला घराबाहेरचे गिऱ्हाईक मिळावे लागते. ते न मिळाल्यास ज्येष्ठ स्त्रियांच्या हातातील कौशल्य त्यांच्याबरोबरच संपेल.

चियांग माईचा अनुभव :
थायलंडच्या उत्तर भागातील चियांग माई हे शहर राजा मंगराय याने १२९६ साली लान्ना राज्याची राजधानी म्हणून वसविले. जुन्या तटबंदीच्या आत वाट फ्रा सिंग, वाट चेदी लुआंग यांसारखी बौद्ध मंदिरे आहेत. शहरालगतच्या डोंगरावरील दोई सुथेप मंदिराकडे जाणारा रस्ता १९३५ साली क्रुबा श्रीविजय या भिक्षूच्या पुढाकाराने लोकांच्या श्रमदानातून तयार झाला. याच रस्त्याने पुढे ह्मोंग लोकांच्या गावापर्यंत जाता येते. करेन, लिसू, लाहू, आखा हे अन्य डोंगरी समूहही या प्रदेशात राहतात. या समूहांच्या भरतकामाला व विणकामाला शहरात मोठी मागणी आहे.

ही मागणी आपोआप निर्माण झाली नाही. १९६९ साली सुरू झालेल्या 'रॉयल प्रोजेक्ट'ने अफूच्या लागवडीऐवजी फळे, भाजीपाला व कॉफी यांसारख्या पर्यायी पिकांना बाजार मिळवून दिला. २००१ पासून थायलंड सरकारने जपानच्या धर्तीवर 'एक तांबोन, एक उत्पादन' ही योजना राबविली. तांबोन म्हणजे काही गावांचा मिळून होणारा प्रशासकीय घटक. २०१७ साली युनेस्कोने हस्तकला व लोककलेसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत चियांग माईचा समावेश केला.

याहून अधिक बोधप्रद आहे तो तेथील रविवारचा बाजार. दर रविवारी सायंकाळी जुन्या शहरातील राचादमनोन रस्ता वाहनांसाठी बंद होतो व विक्रेते रस्त्यावरच आपली पथारी मांडतात. वाटेतील मंदिरांच्या आवारात खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. म्हणजे देवदर्शनाची वाट आणि बाजाराची वाट एकच होते. यात्रेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक इतकाच की, आपल्याकडील यात्रा वर्षातून मोजक्या दिवशी भरते, तर तेथील बाजार दर आठवड्याला भरतो. त्यामुळे करणाऱ्याला वर्षभर कामाची शाश्वती राहते.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. उत्तर थायलंडमध्ये म्यानमारमधून निर्वासित म्हणून आलेल्या कयान समूहातील स्त्रिया गळ्यात पितळी कडी घालतात. त्यांना पाहण्यासाठी पर्यटक तिकीट काढून त्यांच्या वस्तीत जातात. यातील काही निर्वासितांना अन्य देशांत पुनर्वसनाची संधी मिळाली असतानाही त्यांना देश सोडण्याची परवानगी मिळत नव्हती. २००८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेने या प्रश्नी जाहीर नाराजी व्यक्त केली व अशा पर्यटनावर बहिष्काराचा विचार पुढे आला. येथे विकली जात होती ती वस्तू नव्हे, तर माणसाचे दिसणे.

विश्लेषण :
वरील दोन उदाहरणांतील भेद हा या विषयाचा गाभा आहे. बाजारात कारागीर स्वतः येते, वस्तूची किंमत सांगते, घासाघीस करते आणि संध्याकाळी घरी परतते. वस्तीदर्शनात मात्र पाहुणा तिच्या दारात येतो आणि ती स्वतःच प्रदर्शनातील वस्तू होते. पहिल्या व्यवहारात तिच्या कौशल्याला मोल मिळते, तर दुसऱ्यात तिच्या वेगळेपणाला. ज्या समाजाने गुन्हेगारीच्या शिक्क्याखाली पिढ्या काढल्या, त्याच्या वस्तीत पुन्हा बाहेरच्यांनी निरीक्षणासाठी जावे, हे उचित म्हणता येणार नाही. म्हणून पर्यटकाला तांड्यावर नेण्यापेक्षा तांड्यातील कलेला मंदिराच्या वाटेवर आणणे अधिक योग्य ठरते.

भारतातही याचे दाखले आहेत. कर्नाटकातील 'संडूर लंबाणी भरतकामा'ला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला आहे. गोव्यातील हणजुणे येथील बुधवारच्या बाजारात लमाणी स्त्रिया भरतकामाच्या वस्तू विकताना दिसतात. हिंगोली जिल्ह्यापुरते पाहिल्यास वसमतच्या हळदीला २०२४ साली असा निर्देशांक मिळाला. हळदीच्या मागे संघटित बाजारपेठ होती. भरतकामामागे ती नाही.

यात एक अडचण विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मराठवाड्यातील अनेक बंजारा कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. महाशिवरात्र माघ महिन्यात येते. म्हणजे औंढ्याची सर्वांत मोठी यात्रा भरते तेव्हा अनेक कारागीर स्त्रिया उसाच्या फडात असतात. उलट नर्सीची परतवारी व औंढ्याचे श्रावण सोमवार या काळात त्या गावी असतात. मात्र तेव्हा खुरपणी-निंदणीचे दिवस असल्याने भरतकामाला हात मोकळा नसतो. याचा अर्थ असा की, भरतकामाचे काम उन्हाळ्यात, चैत्र ते ज्येष्ठ या काळात व्हावे आणि विक्री आषाढ-श्रावणात व्हावी, असे नियोजन येथील जीवनक्रमाशी जुळणारे ठरेल. त्यासाठी उन्हाळ्यात कापड, धागा व आरसे यांकरिता आगाऊ भांडवल लागेल. बाहेरून आणलेली कोणतीही योजना हे वेळापत्रक न पाहता राबविल्यास ती कागदावरच राहण्याचा संभव आहे.

उपाय :
१) परतवारी व श्रावण सोमवारी नर्सी आणि औंढा येथे दर्शनमार्गावरच कारागीर स्त्रियांसाठी राखीव जागा असावी. जागा वस्तू करणारीला मिळावी, मध्यस्थाला नव्हे.
२) उन्हाळ्यातील कच्च्या मालाचे भांडवल 'उमेद' अभियानातील बचतगटांमार्फत उपलब्ध व्हावे.
३) केंद्र शासनाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयामार्फत दिले जाणारे कारागीर ओळखपत्र मिळविण्यासाठी महाविद्यालयांनी तांड्यांवर साहाय्य शिबिरे घ्यावीत.
४) २०२२ पासून रेल्वेने सुरू केलेल्या 'एक स्थानक, एक उत्पादन' या योजनेत हिंगोली स्थानकासाठी बंजारा भरतकामाचा विचार व्हावा.
५) राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी टाके, नक्षी व त्यांची गोरबोलीतील नावे यांची नोंद करावी. ही नोंद करताना त्या स्त्रीचे नाव तिच्या संमतीने सोबत लिहावे, म्हणजे श्रेय तिला मिळेल.
६) वस्तूची किंमत ठरविताना लागलेल्या दिवसांची मजुरी धरावी. यंत्रावरील स्वस्त नकलेशी किमतीची स्पर्धा करणे हाताच्या कामाला परवडणारे नाही. म्हणून मोठ्या वस्त्रांबरोबरच पिशवी, बटवा, वहीचे वेष्टन अशा थोड्या श्रमाच्या व भाविकाला घेता येतील अशा वस्तू कराव्यात.

समारोप :
औंढा तालुक्यात 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यामुळे भाविकांबरोबर देशोदेशींचे अभ्यासकही पुढील काळात या परिसरात येतील. येणाऱ्यांची संख्या वाढण्यापूर्वीच बाजाराची घडी नीट बसविणे हिताचे आहे, कारण एकदा मध्यस्थांची साखळी तयार झाली की ती मोडणे कठीण जाते. बंजारा भरतकामाला येथे गरज आहे ती दयेची नाही. हवी आहे ती दर्शनवाटेवरील हक्काची जागा, वेळेवर मिळणारे भांडवल आणि श्रमाची योग्य किंमत. या तीन गोष्टी जिल्ह्यातील देवस्थाने, प्रशासन व महाविद्यालये यांच्या आवाक्यातील आहेत. नामदेवांच्या कथेत मंदिर मागे बसलेल्याकडे फिरले. त्या कथेचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्याने मंदिराबाहेरील बाजाराचे तोंडही तांड्याकडे वळवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.