माशीच्या पाठीवरून प्रवास करणारी शेवाळी

यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्यात जुन्या भिंतींवर हिरवी मखमल पसरवणाऱ्या शेवाळ्या, म्हणजेच मॉस या फुले नसलेल्या लहान वनस्पती, आपली बीजुके (बियांऐवजी प्रजननाचे काम करणारे सूक्ष्म कण) सहसा वाऱ्यावर सोडतात. परंतु उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेच्या थंड दलदलींत वाढणारी स्प्लॅक्नम ही प्रजाती त्यासाठी माश्यांवर विसंबते. दलदलीची माती नायट्रोजनाच्या बाबतीत दरिद्री असल्याने मूससारख्या सांबरकुळातील प्राण्यांची विष्ठा स्प्लॅक्नमला सुपीक बेटासारखी ठरते, मात्र अशी बेटे विखुरलेली असल्याने नेमके तेथेच पोहोचणे वाऱ्याच्या भरवशावर साधत नाही. म्हणून तिच्या बीजुककोशाखालचा भाग फुगून, काही जातींत पिवळ्या वा लाल छत्रीसारखा पसरून, कुजकट वास सोडतो; माश्या फसून येतात, त्यांना ना मध मिळतो ना अंडी घालण्याजोगी जागा, आणि अंगाला चिकटलेली बीजुके घेऊन त्या ताज्या विष्ठेकडे जातात. फुलांनाही हेवा वाटावा अशी ही लबाडी आहे! यवतमाळ जिल्ह्यातीलच टिपेश्वर अभयारण्यात चितळ व नीलगायींच्या लेंड्या विपुल असल्या, तरी विदर्भाच्या रखरखीत उन्हाळ्यात त्या लवकर वाळतात, आणि स्प्लॅक्नमला तर महिनोन्‌महिने टिकणारा गारवा व ओल लागते.