लढत आणि तिची नावे : एक जपानी चित्रमालिका व शिरूर-दौंडचे आखाडे

लढत काही मिनिटांत संपते. तिची आठवण मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जिचा निकाल अगोदरच ठाऊक आहे अशी झुंज माणसाला पुन्हा पाहावीशी, सांगावीशी आणि ऐकावीशी का वाटावी, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकासही त्यावर काही सांगण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : लढतीचे आकर्षण टिकते ते तिच्या हालचालींना नावे असतात म्हणून. हालचालीला नाव मिळाले म्हणजे ती डोळ्यांना वेगळी दिसू लागते. जी वेगळी दिसते ती ध्यानात राहते. आणि जी ध्यानात राहते ती दुसऱ्यास सांगता येते. विशेषतः पराभूताची कीर्ती या नावांच्या आधारानेच टिकून राहते. विजयाची नोंद करण्यास आकडा पुरतो. चांगल्या पराभवाचे वर्णन करण्यास मात्र शब्द लागतात.

या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ दोन उदाहरणे येथे घेतली आहेत. एक दूरच्या जपानातील, मुष्टियुद्धाच्या चित्रमालिकेचे. दुसरे अगदी जवळचे, पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत यात्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या कुस्त्यांच्या आखाड्यांचे.

(१) 'आशिता नो जो'

'आशिता नो जो' म्हणजे 'उद्याचा जो'. आसाओ ताकामोरी या टोपणनावाने लिहिणारे इक्की काजिवारा यांची कथा आणि तेत्सुया चिबा यांची चित्रे असलेली ही चित्रकथा 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकात १९६८ ते १९७३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेली दूरचित्रवाणीवरील मालिका एप्रिल १९७० मध्ये सुरू होऊन सप्टेंबर १९७१ मध्ये ७९ भागांनंतर थांबली. तिचे दिग्दर्शक ओसामू देझाकी. पुढील कथाभागावर त्यांनीच केलेली ४७ भागांची दुसरी मालिका १९८० - ८१ मध्ये आली. मूळ कथेस पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१८ मध्ये, तिच्यापासून स्फूर्ती घेऊन 'मेगालोबॉक्स' ही नवी मालिका निघाली. यावरून या कथेचे आयुष्य किती दीर्घ आहे हे ध्यानात यावे.

कथानक साधे आहे. तोक्योच्या एका दरिद्री वस्तीत जो नावाचा अनाथ, उनाड मुलगा येतो. दानपेइ तांगे हा एकाक्ष, व्यसनी, एके काळचा मुष्टियोद्धा त्याच्यातील गुण हेरतो. जो सुधारगृहात जातो तेव्हा हा गुरू त्याला पत्रे धाडतो. एका पत्रात 'जॅब' म्हणजे काय, कोपर कोठे असावे, मूठ कशी सुटावी, एवढेच लिहिलेले असते. जो प्रथम ते हसण्यावारी नेतो आणि मग एकांतात तोच ठोसा हजारदा मारून पाहतो. अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. गुरू समोर नाही. शिष्यापर्यंत पोहोचले आहे ते एक नाव आणि त्या नावाचे विवरण. जो जे शिकतो तेच त्याच क्षणी वाचक किंवा प्रेक्षकही शिकतो. त्यानंतर पडद्यावर ठोसा पडतो तेव्हा तो निव्वळ मारामारीतील ठोसा राहत नाही. प्रेक्षक त्याला नावाने ओळखतो. 'क्रॉस काउंटर', म्हणजे प्रतिपक्षाचा ठोसा येत असतानाच त्याच्या हातावरून आपला हात आडवा नेऊन मारलेला प्रतिठोसा, हे नाव जपानी मुलांच्या तोंडी बसले ते या कथेमुळे.

देझाकींच्या चित्रणशैलीचाही येथे विचार केला पाहिजे. ऐन आघाताच्या क्षणी हलते चित्र थांबवून त्याचे रंगविलेल्या स्थिर चित्रात रूपांतर करणे, ही त्यांची खूण होय. नाव जे कार्य भाषेत करते तेच कार्य हे थांबलेले चित्र पडद्यावर करते : वाहत्या क्रियेतून एक क्षण वेगळा काढून तो प्रेक्षकाच्या हाती ठेवते.

आता पराभवाविषयी. जो याचा प्रतिस्पर्धी तोरू रिकिइशी हा कथेत मरण पावतो, तेव्हा २४ मार्च १९७० रोजी प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत त्याचा रीतसर अंत्यविधी झाला. कवी व नाटककार शूजी तेरायामा यांनी तो घडवून आणला आणि सुमारे सातशे लोक त्यास उपस्थित राहिले. ज्याने जन्मच घेतला नाही त्याच्या मृत्यूचा शोक! त्यानंतर आठवडाभरातच एक विमान पळवून उत्तर कोरियास नेणाऱ्या जपानी तरुणांनी आपल्या निवेदनात स्वतःला 'उद्याचा जो' म्हणवून घेतले. त्यांच्या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु एका पात्राचे नाव सामान्यनाम कसे बनते, याचा हा बोलका पुरावा आहे. आणि शेवटी जो स्वतः जगज्जेत्या होसे मेंदोसाशी अखेरपर्यंत लढून गुणांवर हरतो. त्याचे कोपऱ्यातील आसनावर स्मित करीत बसलेले शेवटचे चित्र जपानी वाचकांच्या स्मरणात कायमचे राहिले आहे. ही कथा चिरंजीव ठरली ती नायक जिंकला म्हणून नव्हे.

(२) यात्रेचा आखाडा

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके. त्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूर, म्हणजे जुने घोडनदी, हे पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव, तर दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. एकीकडे कवठे येमाई, मलठण, न्हावरे, मांडवगण फराटा. दुसरीकडे यवत, वरवंड, पाटस, कुरकुंभ. चैत्र-वैशाखात या मुलखातील ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात आणि त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो : देवाचा अभिषेक, पालखी किंवा छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि दुपार कलली की कुस्त्यांचा आखाडा.

आखाड्याचीही एक रचना असते. आरंभ लहान मुलांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होतो. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती लागते. जोड लावण्याचे काम गावातील पंच करतात. त्यासाठी वजनकाट्यापेक्षा नजर आणि अनुभव यांवरच त्यांची भिस्त असते. हलगी कडकडू लागते, मल्ल माती कपाळाला लावून शड्डू ठोकतात, सलामी होते आणि खडाखडीस प्रारंभ होतो. ध्वनिक्षेपकावर निवेदक बोलत असतो. कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, कोणत्या वस्तादाचा पठ्ठा, हे तो सांगतो. आणि डाव पडताक्षणी त्याचे नाव उच्चारतो. जपानी कथेतील पत्राने व थांबलेल्या चित्राने जे साधले तेच येथे निवेदकाच्या एका शब्दाने साधते. मातीच्या धुरळ्यात दोन देह गुंतलेले असता दहा वर्षांच्या मुलाला जे दिसत नसते, ते 'ढाक' किंवा 'कलाजंग' हा शब्द कानी पडताच दिसू लागते. शेजारी बसलेला आजा 'नव्हं, निकाल होता तो' म्हणून निवेदकाची दुरुस्ती करतो, तेव्हा तर पाहणे आणि बोलणे यांतील सीमारेषाच पुसून जाते.

(३) परिभाषेची घडण

आखाड्याच्या शब्दसंपत्तीचे ढोबळमानाने दोन थर पाडता येतात. पहिला थर संस्थावाचक शब्दांचा : 'कुस्ती', 'पैलवान', 'वस्ताद' व 'पेच' हे फारसीतून आलेले, 'तालीम' (मूळ अर्थ शिक्षण), 'हौद' व 'सलामी' यांचे मूळ अरबीत. 'आखाडा' मात्र संस्कृत 'अक्षवाट' या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे आणि 'मल्ल' तर सरळ तत्समच आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण असून ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशी मल्लांची वर्गवारी त्यात आढळते. ती नावे आज कोणा पैलवानाच्या तोंडी नाहीत. राजाश्रयाची भाषा बदलली तशी संस्थेची नावेही बदलली, असा याचा अर्थ.

दुसरा थर डावांच्या नावांचा. येथे चित्र पालटते. 'धोबीपछाड' म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढून, त्यास पाठीवर घेऊन, धोबी कपडा आपटतो तसे समोर आपटणे. 'मोळी' सरपणाची, 'झोळी' पाळण्याची किंवा भिक्षेकऱ्याची, 'बांगडी' हातातली. 'बगलडूब' म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बगलेखालून बुडी मारून मागे निघणे; 'आतली टांग' व 'बाहेरची टांग' यांना तर स्पष्टीकरणाचीही गरज नाही. 'सवारी' आणि 'हप्ता' यांसारखे फारसी शब्द याही थरात आहेत. तथापि बहुतेक नावे घरातून, शेतातून, नदीच्या घाटावरून आलेली आहेत. यामागील कारण उघड आहे. संस्थेचे नाव ती चालवणाऱ्यांकडून येते. क्रियेचे नाव मात्र ती पाहणाऱ्यास कळावयाचे असते, म्हणून ते त्याच्या रोजच्या जगातून घ्यावे लागते. जपानी मुष्टियुद्धाने ठोशांची नावे इंग्रजीतून उसनी घेतली, म्हणून ती समजावण्यास कथेला पत्रांचा आधार लागला. मराठी डावांची नावे आपले विवरण आपल्याबरोबरच घेऊन येतात.

याच गुणामुळे ती आखाड्याबाहेरही सहज पडली. निवडणुकीत उमेदवार शड्डू ठोकतो, विरोधकास धोबीपछाड देतो, कोणी चारी मुंड्या चीत होतो, कोणाला आस्मान दाखवले जाते. आणि संगनमताचा संशय आला की 'नुरा कुस्ती' हा शब्द तयारच असतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून ही परिभाषा काढून घेतली तर मराठी राजकीय लेखन लंगडे पडेल.

(४) एका टांगेचा वाद

ही नावे केवळ अलंकार नव्हेत, ती अर्थासाठी भांडण्याजोगी असतात, याचा प्रत्यय जानेवारी २०२३ मध्ये आला. 'महाराष्ट्र केसरी' ही १९६१ पासून चालत आलेली स्पर्धा त्या वर्षी पुण्यात भरली होती. तीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात व दोहोंचे विजेते किताबासाठी लढतात. माती विभागातील निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर 'बाहेरची टांग' लावली आणि पंचांनी त्यास चार गुण दिले. डाव पूर्ण झाला होता काय, पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती काय, यावर पुढे कित्येक दिवस गावोगावच्या पारांवर आणि भ्रमणध्वनींवर वाद चालला. किताब शिवराज राक्षे यांनी गायकवाड यांना हरवून मिळवला. तरी चर्चा राहिली ती माती विभागातील त्या टांगेचीच.

या वादाकडे भाषेच्या अंगाने पाहिले तर तो व्याख्येचा वाद होता. 'टांग लागली' म्हणजे नेमके काय घडले असता तसे म्हणावयाचे? एका तांत्रिक संज्ञेच्या अर्थमर्यादेविषयी लक्षावधी लोकांनी हिरिरीने बोलावे, असा प्रसंग कोणत्याही परिभाषेच्या वाट्यास क्वचितच येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिरूरच्या वाटेवरील फुलगाव येथे झालेल्या स्पर्धेत सिकंदर शेख यांनी राक्षे यांना चीतपट करून किताब मिळवला. परंतु घराघरांत त्यांचे नाव पोहोचले होते ते दहा महिन्यांपूर्वीच्या पराभवाने. आणि तो पराभव सांगता येत होता, कारण त्याला नाव होते.

(५) आजची स्थिती

ही परिस्थिती अशीच राहील असे मात्र गृहीत धरता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले ते गादीवर. आंतरराष्ट्रीय यश हवे असेल तर गादीला पर्याय नाही, हे तेव्हापासून स्पष्ट आहे आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारणही नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, खाली घेतल्यास दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक, दहा गुणांची आघाडी मिळताच लढत समाप्त, हे नियम खेळास वेग आणि नि:संदिग्धता देतात. परंतु गुणफलक हालचालीचे मोल सांगतो, तिची जात सांगत नाही. एकेरी पटाने मिळालेले दोन गुण आणि बगलडूब मारून मागे जाऊन मिळवलेले दोन गुण फलकावर सारखेच दिसतात. पाहणाऱ्याचे लक्ष मातीवरून आकड्याकडे वळले की नाव उच्चारण्याची निकड उरत नाही. आणि जे उच्चारले जात नाही ते पुढील पिढीस मिळत नाही.

धोका आहे तो येथे. 'धोबीपछाड' मथळ्यांतून टिकेल, यात शंका नाही. पण तो डाव ज्यांनी कधी पाहिला नाही अशा वाचकांपुरता तो शब्द उरला, तर त्याची गत 'ज्येष्ठिक' आणि 'गोवल' यांहून फारशी वेगळी होणार नाही. रूप राहील, चित्र जाईल. कोशात डावांची नावे नोंदवणे हे आवश्यक काम आहे, परंतु तेवढ्याने भागत नाही, कारण या नावांचा अर्थ दाखवून सांगण्याचा आहे. तो सांगणारी शाळा म्हणजे यात्रेचा आखाडा होय. तेथील निवेदकांची निवेदने ध्वनिमुद्रित करून ठेवणे, वृद्ध वस्तादांकडून प्रत्येक डाव प्रत्यक्ष करवून त्याचे नाव व चलच्चित्र एकत्र जतन करणे, आणि एकाच डावाला भीमेच्या अलीकडे व पलीकडे भिन्न नावे आहेत काय हे तपासणे, ही कामे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखी आहेत. शिरूर व दौंड हे तालुके त्यासाठी सोयीचे आहेत : यात्रा पुष्कळ, अंतरे थोडी, आणि निवेदकाची चूक काढणारे आजे अजून बांधावर बसलेले.