विद्यापीठाचें देवालय आणि श्रद्धेचें नूतनीकरण

खेडेगांवांतील धर्मग्राम आणि विद्यापीठाच्या आवारांतील धर्मग्राम या दोहोंत एक मोठा भेद आहे. तो ध्यानांत घेतल्यावांचून प्रस्तुत विषयाचें मर्म कळावयाचें नाहीं. वसईकडील एखाद्या जुन्या गांवचें देवालय घ्या. तेथील नोंदवह्यांत आजोबांचा बाप्तिस्मा, वडिलांचें लग्न आणि नातवाचा प्रथम परमप्रसाद हें सर्व एकामागून एक लिहिलेलें सांपडतें. धर्मगुरु बदलतात, पण कुटुंबें तींच राहतात. विद्यापीठांतील धर्मग्रामाची स्थिति याच्या अगदीं उलट असते. तेथें दर तीन-चार वर्षांनीं सारी मंडळीच पालटते. गेल्या वर्षीं ज्यांनीं मिस्साच्या वेळीं गायन केलें ते यंदा पोटापाण्यासाठीं दूरदेशीं गेलेले असतात, आणि त्यांच्या जागीं ज्यांना देवालयाचा दरवाजाही ठाऊक नाहीं असे नवे चेहरे आलेले असतात. अशा ठिकाणीं श्रद्धा वडिलोपार्जित शेताप्रमाणें आयती हातीं येत नाहीं. प्रत्येक नव्या तुकडीनें ती पुन्हा नव्यानें स्वीकारावी लागते. म्हणून श्रद्धेचें नूतनीकरण हें विद्यापीठाच्या धर्मग्रामाचें नैमित्तिक कार्य नसून तेंच त्याचें नित्य कर्म होय.

तरुण विद्यार्थ्याची श्रद्धा शिथिल होते ती कशानें? कोणी म्हणतात, नास्तिक ग्रंथांनीं. कोणी म्हणतात, एखाद्या बुद्धिमान प्राध्यापकाच्या टीकेनें. असें कधीं कधीं घडतें, नाहीं असें नाहीं. परंतु बहुधा येथें वादविवाद होतच नाहीं. घरीं सायंकाळीं आई जपमाळ हातीं घेई, देवालयाची घंटा वाजे, शेजारीपाजारी रविवारीं एकत्र निघत. वेलीला मांडव असावा तसा हा सर्व आधार होता. शहरांतील वसतिगृहांत तो मांडव नाहीं. एका रविवारीं परीक्षा जवळ आली म्हणून मिस्सा चुकते, दुसऱ्या रविवारीं पाऊस पडतो म्हणून, आणि तिसऱ्या रविवारीं कारण शोधण्याचीही गरज उरत नाहीं. दुसरें एक कारण याहून सूक्ष्म आहे. विद्यार्थ्याचें गणित वाढतें, विज्ञान वाढतें, कायद्याचें ज्ञान वाढतें. धर्माचें ज्ञान मात्र बाळपणीं पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांपाशींच थांबतें. दहाव्या वर्षीं शिवलेला अंगरखा विसाव्या वर्षीं अंगाला येत नाहीं. यांत दोष अंगरख्याचा नाहीं आणि अंगाचाही नाहीं. वाढत्या अंगाबरोबर वस्त्र वाढविलें नाहीं, एवढीच चूक.

या दुखण्याचा खोल विचार करून त्यावर प्रत्यक्ष उपाय योजणाऱ्या पुरुषांत संत जॉन हेन्री न्यूमन यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचा जन्म लंडन शहरीं २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें व तेथेंच ते अध्यापक झाले. इ. स. १८२८ पासून १८४३ पर्यंत तेथील सेंट मेरी या विद्यापीठाच्या देवालयाचे ते अँग्लिकन धर्मोपदेशक होते. तरुणांच्या मनाची घडण कशी होते व ती कोठें ढळते, याचें निरीक्षण करण्यास याहून उत्तम स्थान कोणतें? पुढें दीर्घ चिंतनाअंतीं ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं त्यांनीं कॅथॉलिक धर्मसभेंत प्रवेश केला.

त्या काळीं आयर्लंडांतील बहुसंख्य लोक कॅथॉलिक असूनही त्यांच्या मुलांच्या उच्च शिक्षणाची सोय समाधानकारक नव्हती. डब्लिन येथील १५९२ सालचें ट्रिनिटी कॉलेज हें प्रॉटेस्टंट परंपरेचें होतें. सरकारनें इ. स. १८४५ च्या कायद्यान्वयें बेलफास्ट, कॉर्क व गॉलवे येथें कॉलेजें काढण्याचें ठरविलें. पण त्यांच्या अभ्यासक्रमांत धर्मशिक्षणास स्थान नव्हतें. तेव्हां आयर्लंडच्या बिशपांनीं कॅथॉलिक विद्यापीठाची योजना हातीं घेतली व न्यूमन यांस त्याचें प्रमुखपद दिलें. ३ नोव्हेंबर १८५४ रोजीं डब्लिन येथें हें विद्यापीठ सुरू झालें.

न्यूमन यांच्यापुढें दोन सोपे मार्ग होते. विद्या कॉलेजांत आणि धर्म देवालयांत अशी वांटणी करून मोकळें व्हावें, हा एक. आणि विद्यार्थ्यांभोंवतीं उंच कुंपण घालून शंकेचा वाराही लागूं देऊं नये, हा दुसरा. त्यांनीं दोन्ही मार्ग नाकारले. पहिल्या मार्गानें मनुष्याचे दोन तुकडे होतात, आणि दुसऱ्यानें त्याची वाढच खुंटते, असें त्यांचें मत होतें.

त्यांच्या योजनेचें पहिलें अंग म्हणजे विद्यार्थिगृहें. सर्व विद्यार्थ्यांना एकाच मोठ्या इमारतींत कोंडण्याऐवजीं त्यांनीं लहान लहान गृहें केलीं, आणि प्रत्येक गृहास स्वतःचें प्रार्थनामंदिर, प्रमुख व धर्मगुरु असावा असा नियम घातला. हार्कोर्ट स्ट्रीटवरील सेंट मेरी या गृहाचे प्रमुख ते स्वतः होते. यामागील विचार साधा आहे. हजारांच्या मेळाव्यांत विद्यार्थी हा केवळ एक अंक असतो. वीस जणांच्या पंगतींत मात्र त्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षांत येते. श्रद्धा जागी राहण्यास व्याख्यानाची जितकी आवश्यकता आहे तितकीच आपली आठवण काढणाऱ्या सोबत्यांची आहे.

दुसरें अंग म्हणजे विद्यापीठाचें देवालय. सेंट स्टीफन्स ग्रीन नांवाच्या विस्तीर्ण उद्यानासमोर, घरांच्या रांगेमागील बागेच्या जागेंत तें बांधण्यांत आलें. वास्तुशिल्पी जॉन हंगरफोर्ड पोलन यांनीं त्यास प्राचीन ख्रिस्ती देवालयांचें रूप दिलें. रस्त्यावरून दिसणारें प्रवेशद्वार अगदीं लहान आहे. आंत मात्र आयर्लंडच्याच खाणींतील नाना रंगांच्या संगमरवरानें भिंती मढविल्या आहेत, आणि वेदीवरील अर्धघुमटांत सुवर्णाच्या पार्श्वभूमीवर ज्ञानाचें आसन जी पवित्र मरिया तिचें चित्र आहे. या बांधकामाच्या पैशाची हकीकतही मनोरंजक आहे. थोड्याच वर्षांपूर्वीं आकिली नांवाच्या माजी संन्याशानें न्यूमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला होता. त्या खर्चासाठीं देशोदेशींच्या हितचिंतकांनीं पाठविलेल्या निधींतून जी शिल्लक उरली, तिचा उपयोग या कामीं झाला. अपमानाच्या प्रसंगीं जमलेलें द्रव्य अशा रीतीनें उपासनेच्या कामीं आलें.

इ. स. १८५६ च्या १ मे रोजीं, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणास, हें देवालय उघडलें. त्यानंतरच्या रविवारीं, ४ मे रोजीं, संत मोनिका हिचा सण होता. त्या दिवशींच्या प्रवचनांत न्यूमन यांनीं नाईन गांवच्या विधवेची व मोनिकेची आठवण विद्यार्थ्यांना करून दिली. मोनिकेचा पुत्र ऑगस्टिन हा बुद्धीनें तेजस्वी. शिक्षणासाठीं तो कार्थेज शहरीं गेला आणि तेथें मार्ग चुकला. आईनें कित्येक वर्षें अश्रु ढाळले व प्रार्थना केली. विद्यापीठाच्या देवालयांत याहून समर्पक विषय तो कोणता? न्यूमन यांच्या बोलण्याचा आशय असा कीं, बुद्धि व धर्मनिष्ठा ह्या ईश्वरानें एकत्र जन्मास घातलेल्या बहिणी होत. त्यांची ताटातूट मनुष्यानें केली आहे, आणि त्यांना पुन्हा एका छताखालीं, किंबहुना एकाच अंतःकरणांत, आणणें हें विद्यापीठाचें कार्य आहे. विद्वानानें भाविक असावें आणि भाविकानें विचारी असावें, हीच त्यांची आकांक्षा.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत न्यूमन यांनीं पूर्णत्वाच्या जवळच्या वाटेविषयीं एक छोटेंसें टिपण लिहिलें. त्यांत उग्र तपश्चर्येचा उपदेश नाहीं. वेळेवर उठावें, वेळेवर निजावें, प्रार्थना मन लावून करावी आणि दिवसाचें नेमून दिलेलें काम चोख करावें, इतकाच त्याचा सारांश. विद्यार्थ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर, अभ्यास टाळून केलेली भक्ति ही भक्ति नव्हे. प्रामाणिकपणें सोडविलेलें गणितही ईश्वरचरणीं वाहिलेलें पुष्प होऊं शकतें.

परंतु गृह, देवालय व प्रवचन ही सर्व वडील मंडळींनीं केलेली तयारी झाली. विद्यार्थ्यानें स्वतः पाऊल उचलल्यावांचून ती निष्फळ ठरते. याचें उदाहरण पाहण्यास डब्लिनच्या या देवालयाहून तेवीस वर्षें मागें, पॅरिस शहरीं गेलें पाहिजे. तेथें फ्रेडरिक ओझानाम नांवाचा तरुण सॉर्बोन येथें शिकत होता. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळांत तो आपल्या धर्माची बाजू मोठ्या हिरीरीनें मांडी. एकदां प्रतिपक्षानें त्यास विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कार्यें केलीं हें कबूल. पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहां? या प्रश्नास शब्दांनीं उत्तर देणें शक्य नव्हतें. २३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशीं, एमान्युएल बायी या प्रौढ गृहस्थाच्या मार्गदर्शनाखालीं मूठभर विद्यार्थी एकत्र जमले. मुफतार भागांतील गरिबांची सेवा करणारी सिस्टर रोझाली रांदू हिनें त्यांना दरिद्री कुटुंबांच्या घरीं जाण्याची वाट दाखविली. त्यांतूनच संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नांवाची जगद्विख्यात संस्था उदयास आली. वादांत जी श्रद्धा डळमळत होती ती गरिबाच्या जिन्याच्या पायऱ्या चढतां चढतां स्थिर झाली.

आतां नूतनीकरण या शब्दाकडे वळूं. एकदां केलेला निश्चय पुन्हा करावयाचा कशासाठीं, अशी शंका कोणी घेईल. याचें उत्तरही पॅरिसच्याच विद्यार्थ्यांनीं देऊन ठेविलें आहे. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं त्या विद्यापीठांतील सात सोबती माँमार्त्र टेकडीवरील प्रार्थनामंदिरांत जमले. त्यांत इग्नेशियस लोयोला होते आणि फ्रान्सिस झेवियरही होते. पीटर फेबर या त्यांच्यांतील एकट्या धर्मगुरूनें मिस्सा अर्पिली व सर्वांनीं दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांचें व्रत घेऊन यरुशलेमेस जाण्याचा नवस केला. पुढें १५३५ व १५३६ सालीं त्याच दिवशीं त्यांनीं तें व्रत पुन्हा उच्चारिलें. त्या वेळीं इग्नेशियस त्यांच्यांत नव्हते. ते स्पेनकडे निघून गेले होते. तरीही मंडळी विस्कळित झाली नाहीं, उलट तीन नवे सोबती येऊन मिळाले. नेता दूर असतां व्रत टिकलें तें या वार्षिक पुनरुच्चारामुळें. त्यांच्यांपैकीं झेवियर हे ६ मे १५४२ रोजीं गोव्यास येऊन पोहोंचले, हें आपणां सर्वांस माहीत आहेच.

सामान्य भाविकासाठींही धर्मसभेनें अशी सोय केली आहे. बालपणीं बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्या वतीनें आईबापांनीं व धर्ममातापित्यांनीं वचनें दिलेलीं असतात. पोप बारावे पायस यांनीं १९५१ सालीं पुनरुत्थानाच्या रात्रीचा प्राचीन विधि प्रथम प्रयोगादाखल पुन्हा सुरू केला, तेव्हां त्यांत तीं वचनें सर्व भाविकांनीं पेटत्या मेणबत्त्या हातीं घेऊन स्वतः उच्चारण्याचा भाग घालण्यांत आला. विद्यापीठाच्या देवालयांत या क्षणास विशेष अर्थ येतो. वीस वर्षांच्या तरुणानें तेथें दिलेला होकार हा आतां आईचा राहत नाहीं. तो त्याचा स्वतःचा होतो.

आतां डब्लिनच्या त्या देवालयाचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. विद्यापीठास पदव्या देण्याची सरकारी सनद मिळाली नाहीं. १८५८ सालीं न्यूमन यांनीं पद सोडलें. पुढें या संस्थेचें युनिव्हर्सिटी कॉलेजांत रूपांतर झालें व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें कॉलेजही शहराच्या मध्यभागांतून बेलफील्ड येथें गेलें. विद्यार्थी गेले, देवालय राहिलें. इतकें सुंदर मंदिर, इतकें थोर प्रवचन. परंतु त्यांतील कशानेंही पुढच्या पिढ्यांची श्रद्धा आपोआप तयार झाली नाहीं. मात्र कथा येथें संपत नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंतील नोटर डेम विद्यापीठानें डब्लिनच्या महाधर्मप्रांताच्या सहकार्यानें त्याच देवालयांत श्रद्धा व बुद्धि यांच्या समन्वयाचें केंद्र उघडलें, आणि नव्या तरुणांसाठीं जुनें कार्य पुन्हा आरंभिलें. न्यूमन यांस १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं संतपद व १ नोव्हेंबर २०२५ रोजीं धर्मसभेच्या आचार्याचें पद प्राप्त झालें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं पुष्कळ जण लवकरच ही शाळा सोडून दूरच्या कॉलेजांत जातील. तेथें घरची घंटा ऐकूं येणार नाहीं. अशा वेळीं पहिल्याच आठवड्यांत जवळच्या देवालयाची वाट विचारून ठेवा. एक-दोन समविचारी सोबती जोडा. ज्या शंका येतील त्या दडपूं नका, जाणत्यांना विचारा. आणि महिन्यांतून एकदां तरी कोणा दुःखिताच्या दारीं जा. आमचे जे वाचक अन्य धर्मांचे आहेत त्यांसही आपापल्या श्रद्धेविषयीं हेंच म्हणतां येईल, कारण घर सोडल्यावर मांडव सर्वांचाच सुटतो. दिव्यांत काल घातलेलें तेल कालच जळून गेलें. आजचा उजेड हवा असेल तर तेल आजच घातलें पाहिजे.