जुने नको, मापाचे द्या

अनाथाश्रमातील मुलांसाठी काही करावे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. असे वाटले की आपण प्रथम घरातले कपाट उघडतो. आखूड झालेली पँट, रंग उडालेला फ्रॉक, चेन तुटलेले दप्तर यांचे गाठोडे बांधतो आणि संस्थेच्या दारात नेऊन ठेवतो. हेतू चांगलाच असतो. पण ते गाठोडे सोडताना त्या मुलाच्या मनात काय येत असेल?

दुसऱ्यांनी उतरवलेले कपडे अंगावर घालण्याची पाळी आपल्या आजा-पणजांवर आली होती. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकून देण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. कपड्याचा संबंध माणसाच्या मानाशी असतो. हे ज्यांना घरातूनच ठाऊक आहे, त्यांनी तरी अनाथ मुलाला आपले टाकाऊ देऊ नये.

आम्ही कार्यालयातील व वस्तीतील काही मंडळी दरमहा थोडी वर्गणी बाजूला ठेवतो आणि मे महिन्यात एका बालगृहासाठी खरेदी करतो. वाढदिवसाला केक, जयंतीला मिठाई घेऊन येणारे पुष्कळ असतात. जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस लागतो, तेव्हा मात्र कुणी फिरकत नाही.

खरेदीपूर्वी आम्ही अधीक्षिकाबाईंना भेटून यादी करतो. प्रत्येक मुलाचे वय, उंची, छाती-कंबरेचे माप, चपलेचा नंबर लिहून घेतो. वाढत्या अंगाला कपडा थोडा सैलच घ्यावा लागतो. देणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणाऱ्या वस्तू आमच्या यादीत आधी असतात : बनियन, चड्ड्या, मोठ्या मुलींसाठी आतले कपडे व सॅनिटरी पॅड, टॉवेल, रेनकोट, कंगवे. २०१६ च्या बाल न्याय आदर्श नियमांतही कपडे, अंथरूण-पांघरूण व रोजच्या वापराच्या वस्तूंची तरतूद आहे. पण संस्थेकडे पैसा वेळेवर येतोच असे नाही.

तयार कपडे उल्हासनगरला आणि वह्या-पेन्सिली अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात मिळतात. डझनाने घेतले की बरीच बचत होते. मात्र एकाच ताग्यातले एकसारखे कपडे आम्ही घेत नाही. तसे घेतले तर स्वस्त पडते, पण रस्त्याने जाताना लोक लगेच ओळखतात, “ही आश्रमातली मुलं.” म्हणून रंग मुलांनाच विचारतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी “मला पिवळाच पाहिजे” असे हट्टाने सांगते, तेव्हा आम्हाला बरे वाटते. हट्ट करायला तिला दुसरे कोण आहे?

तेथील सगळीच मुले अनाथ नसतात. कुणाची आई धुणीभांडी करते, मुलाला घरी ठेवण्याची तिची ऐपत नसते. भेटीच्या दिवशी ती येते, तेव्हा लेकरू नीटनेटके दिसले की तिचाही जीव भांड्यात पडतो.

वाचकहो, आपणही हे करू शकता. चार घरांनी मिळून दोन मुलांचा खर्च उचलला तरी पुरे. मात्र तीन गोष्टी पाळा. संस्था बाल न्याय कायद्याखाली नोंदलेली आहे ना, ते पाहा. प्रत्येक बिल जपून ठेवा, वर्गणीदारांना हिशेब द्या आणि वस्तूंची पोच घ्या. तिसरे म्हणजे, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढू नका. मुलाची ओळख उघड करणारे नाव किंवा छायाचित्र छापणे हा २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. कायदा नसता तरी, हात पसरलेले आपल्या लेकराचे चित्र आपल्याला चालले असते का?

येत्या मे महिन्यात जवळच्या बालगृहात जा. जाताना गाठोडे नको. वही, पेन आणि मापाची टेप घेऊन जा.