बोट शाबूत, स्पर्श गेला

वडोदऱ्याच्या वायव्येकडच्या गोरव्यात बीआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी 1907 साली उभी केलेली अलेम्बिक कंपनीही याच अंगाला. अशा भागात लेथ आणि प्रेसची देखभाल ठरल्या वेळी होते. त्यांवर चालणाऱ्या हाताचा हिशेब मात्र अपघातानंतरच मांडला जातो, आणि तोही बोटे मोजून. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टाने अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले, अख्खी तर्जनी गेल्यास 14 टक्के. जागेवर राहिलेल्या पण बधिर झालेल्या बोटासाठी त्या यादीत वेगळी ओळ नाही. माझे म्हणणे असे की कारागिराच्या हातात स्पर्श हा कौशल्याचाच भाग आहे. तेव्हा जखमेत हाडाची आणि कंडरेची जेवढी चौकशी होते, तेवढी नसेचीही व्हायला हवी.

ही नस म्हणजे रक्ताची नव्हे, मज्जातंतूंची. मेंदू आणि मज्जारज्जू सोडून अंगभर पसरलेले हे जाळे, त्याला परिघीय चेतासंस्था म्हणतात. मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. त्यांपैकी मानेच्या तळाशी निघणारी पाच मुळे मानेपासून काखेपर्यंत एकमेकांत गुंफली जातात आणि त्या गुंफणीतून हाताच्या नसा तयार होतात. मीडियन नस मनगटाच्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरांच्या सोबतीने तळव्यात शिरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अर्धी अनामिका यांचा तळव्याकडचा स्पर्श तिच्याकडे. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी अल्नर नस करंगळी आणि उरलेली अर्धी अनामिका सांभाळते, शिवाय पंज्यातले बहुतेक लहान स्नायूही हलवते. पुढे प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक बारीक फांदी टोकापर्यंत जाते. या फांद्या एकही स्नायू हलवत नाहीत, त्यांचे काम फक्त जाणिवेचे. घोटाळा इथेच होतो. पत्र्याच्या धारेने ही फांदी तुटली तरी बोट छान वाकते, सरळ होते; ‘हलतंय ना, मग ठीक’ म्हणून टाके घालून माणसाला घरी पाठवले जाते.

हालचाल आणि ताकद शाबूत असताना स्पर्शाचे एवढे काय, असे कोणी विचारेल. स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये दाखवले की वस्तू धरताना बोटे तिच्या गुळगुळीतपणानुसार पकड आपोआप कमीजास्त करतात. वस्तू किंचित घसरली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आवळली जाते. बोटे बधिर केली की ही समज जाते: पकड गरजेपेक्षा घट्ट होते, तरीही वस्तू निसटते. तेलकट जॉब हाताळणाऱ्याला, कडेवरची बर, म्हणजे कापल्यावर उरलेली खरखरीत धार, बोट फिरवून ओळखणाऱ्याला हे परवडणारे नाही. शिवाय बधिर बोट भाजले तरी कळत नाही.

नस पुन्हा वाढतेच की, हा दुसरा आक्षेप, आणि तो अर्धा खरा आहे. तुटलेल्या जागेपुढचा तंतू मरतो, हे वॉलर यांनी 1850 मध्ये दाखवले. मग वरच्या टोकाकडून नवा तंतू जुन्या नळीतून दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने तरी हवेत. पण तुटलेली टोके जुळवून शिवली नाहीत तर तंतू वाट चुकतात, वेड्यावाकड्या गाठीत अडकतात, आणि ती गाठ दुखत राहते. उत्तम शिवणीनंतरही प्रौढ माणसाचा स्पर्श पूर्ववत क्वचितच होतो.

तिसरा आक्षेप अधिक रोकडा: बधिरपणा दिसत नाही, भरपाईसाठी कोणीही सांगेल. दोन टोके किती अंतरावर वेगळी जाणवतात याची चाचणी सोपी आहे. निरोगी बोटाच्या टोकाला सहा मिलिमीटरच्या आतले अंतरही ओळखता येते. त्यावर विश्वास नसेल तर ओ’रिएन यांनी 1973 मध्ये मांडलेली युक्ती आहे. हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला की त्वचेला सुरकुत्या पडतात, पण नस तुटलेल्या भागाला पडत नाहीत. तिथे बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याच परिशिष्टात अवयवाचा वापर कायमचा आणि पूर्ण गेला तर तो अवयव गेल्यासारखेच मानण्याची तरतूद आहे. बधिर बोट त्यात सहसा बसत नाही, कारण ते थोडेफार वापरता येते. मग सारे डॉक्टरांनी ठरवलेल्या टक्क्यावर येते, आणि तो टक्का पहिल्या दिवसाच्या कागदावर. म्हणून बोट कापून दवाखान्यात गेलात तर बधिर करणारे इंजेक्शन टोचण्याआधीच बोटाच्या दोन्ही कडांचा स्पर्श तपासायला सांगा आणि तो केसपेपरवर लिहून घ्या. इंजेक्शननंतर ती तपासणी करता येत नाही.